कुकरच्या भांड्यातला बाळकृष्ण

सुरुवातीलाच सांगून टाकते, की ज्या दिवसांबद्दल मी लिहिते आहे, त्या दिवसांत माझा देवाशी अबोला होता. अनुभव लिहायला बसलं की माणसं आधी आपली श्रद्धा किती अढळ होती ते सांगतात. माझी नव्हती. मला राग आला होता, आणि ती आजारपणातली चिडचिड नव्हती. पूर्ण शुद्धीत, विचार करून धरलेला राग होता तो. ज्याला लग्न झाल्यापासून रोज आंघोळ घातली, ज्याच्यापुढे दूधसाखरेची वाटी ठेवल्याशिवाय स्वतः कधी चहा घेतला नाही, त्या बाळकृष्णाचं नावही मी तोंडातून काढत नव्हते. हॉस्पिटलच्या खाटेवर कूस बदलायचीही ताकद नव्हती, पण मनाने मी त्याच्याकडे पाठ करून पडले होते.

आमचं घर मिनेसोटात, ईडन प्रेरीला. करोनाच्या पहिल्या वर्षात सांगलीला माझे सासरे गेले. विमानं बंद होती, आम्हाला जाता आलं नाही. यांनी वडिलांचं शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर घेतलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस ते घरात नुसते इकडून तिकडे फिरत राहिले. मी तेव्हा इथल्या एका कापडाच्या दुकानात काम करायची. मास्क शिवायला कापड घ्यायची लोकांची झुंबड उडालेली, त्यात हिवाळ्याच्या तोंडाशी मला लागण झाली आणि माझ्यामुळे यांना. यांचं चार दिवस तापावर भागलं. माझा ऑक्सिजन उतरत गेला आणि अँब्युलन्सने मला नेलं, ते थेट व्हेंटिलेटरवर. मधल्या काळातलं मला काही आठवत नाही, आणि त्याबद्दल मी डॉक्टरांची आभारी आहे.

घशातली नळी निघाली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटले. मुलगी ईशा ॲन आर्बरहून एकटी गाडी चालवत घरी आली होती. ती फोनवर रडत हसत होती. हे म्हणाले, "आता आठवड्याभरात घरी." आणि मग पुन्हा ताप चढायला लागला. रक्त तपासलं, तर त्यात बुरशी. व्हेंटिलेटरवर इतके दिवस काढलेल्या, गळ्यात, हातात नळ्या असलेल्या, स्टेरॉइड्सनी प्रतिकारशक्ती खाली आणलेल्या माणसांना ही बुरशी गाठते म्हणे. तिचं नाव कॅन्डिडा ऑरिस. ती कातडीवर बसते, खाटेच्या कठड्यावर बसते, पुसून काढली तरी चिवटपणे राहते, आणि संधी मिळाली की नळ्यांच्या वाटेने रक्तात शिरते. वर आणखी, तिला मारायची जी मोजकी औषधं आहेत, त्यांतली बरीचशी ती पचवून बसलेली असते.

हे सगळं मला एका तरुण डॉक्टरणीने सांगितलं. ती संसर्गाची तज्ज्ञ, मी तिला मनातल्या मनात बुरशीवाली बाई म्हणायची. ती शांतपणे समजावत होती आणि माझ्या डोक्यात तिडीक उठत होती. माझ्या हातच्या लोणच्याला इथल्या मराठी मंडळींत नाव आहे. बरणी उन्हात तापवण्यापासून चमचा कोरडा असण्यापर्यंत मी कुणाचं ऐकून घेत नाही. आयुष्यभरात माझ्या लोणच्याला कधी बुरशी लागली नाही, आणि आता माझ्या रक्ताला लागली! मला रडू यायला हवं होतं, पण संताप आला. त्या बाईला मी घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "किल इट." ती म्हणाली, "तोच प्लॅन आहे."

नळ्या काढून नव्या घातल्या. पहिलं औषध सुरू झालं. मला एका वेगळ्या खोलीत हलवलं, दारावर लाल पाटी लावली. आत येणाऱ्याने पिवळा गाऊन, हातमोजे, मास्क, तोंडावर ढाल, सगळं चढवायचं आणि जाताना दाराशीच काढून टाकायचं. भेटायला कुणालाच परवानगी नव्हती. त्यात मी करोनाची आणि वर बुरशीची, म्हणजे दुहेरी अस्पृश्य. माझ्या कातडीला माणसाचा उघडा हात लागणं बंद झालं. हे मात्र रोज दुपारी गाडी घेऊन यायचे आणि पार्किंगमध्ये उभे राहून माझ्या खिडकीकडे बघून हात हलवायचे. नंतर कळलं, की माझी खोली इमारतीच्या दुसऱ्या बाजूला होती आणि ते कुणा भलत्याच माणसाला हात करत होते. पण तोही बिचारा रोज हात हलवून उत्तर देत असे.

पहिल्या औषधाने काही झालं नाही. रोज रक्त काढायचे, रोज त्यात बुरशी उगवायची. ज्या सकाळी बुरशीवाली बाई हे सांगायला आली, त्या सकाळी मी अबोला धरला. त्याच पहाटे मी नेहमीचं स्तोत्र मनात म्हणून संपवलं होतं, डोळे मिटून त्याला विचारलं होतं, झालं का रे समाधान? आणि तासाभरात हे उत्तर. मी त्याला म्हटलं, ठीक आहे. तुला काही करायचं नसेल तर नको करूस. मी आता मागणार नाही, स्तोत्र म्हणणार नाही, तुझं नाव घेणार नाही. मी जगून दाखवते, तुझ्याशिवाय. आता हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी प्रत्येक शब्द खरा मानून बोलले होते. त्या रागानेच मी बेचव सूप गिळलं, फुप्फुसांच्या व्यायामासाठी दिलेलं फुंकायचं प्लास्टिकचं खेळणं दर तासाला फुंकलं, आणि खुर्चीत बसवायला आलेल्या माणसाला 'उद्या' असं एकदाही म्हटलं नाही.

या काळात मार्लिस आली. ती निवृत्त झालेली नर्स, साथ सुरू झाली तेव्हा पुन्हा कामावर रुजू झालेली. उंच, आडवी, पांढऱ्या केसांची. माझ्या खोलीत यायला सगळ्यांनाच वेळ लागायचा, कारण तो सगळा साज चढवायचा म्हणजे नाकी नऊ यायचे. त्यामुळे माणसं आत आली की सगळी कामं भराभर उरकून निघून जायची. त्यात त्यांची चूक नव्हती, त्यांना आणखी किती खोल्या बघायच्या असत. मार्लिसलाही असत. पण ती आत आली की दोन मिनिटं खुर्ची ओढून बसायची. काही विशेष बोलायची नाही. बाहेर किती बर्फ पडलं, तिच्या नवऱ्याने फावडं कुठे हरवलं, असलं काहीतरी. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तू प्रार्थना करतेस का? चॅप्लेनना बोलावू?" मी म्हटलं, "आय ॲम नॉट टॉकिंग टू हिम." मला वाटलं, तिला धक्का बसेल. ती पक्की लुथेरन, दर रविवारी चर्चमध्ये गाणारी. पण ती उशी नीट करत म्हणाली, "ओह, आय येल ॲट हिम ऑल द टाइम." त्या क्षणापासून ती मला आवडायला लागली.

दुसरं औषध फार कडक होतं. ते शिरेतून सुरू झालं की थोड्या वेळात हुडहुडी भरायची, अशी की खाट खडखडायची. दात एकमेकांवर आपटायचे. मार्लिस गरम केलेल्या चादरी आणून एकीवर एक घालायची, हातमोज्यांतल्या हाताने माझे पाय दाबून धरायची आणि म्हणायची, "यू बेट इट्स कोल्ड, हनी." त्या औषधाने माझ्या किडन्यांवर ताण आणला. आणि एवढं सोसूनही लॅबमधून उत्तर आलं, की ही बुरशी त्यालाही दाद देत नाही. त्या दिवशी बुरशीवाली बाई उभी राहिली नाही, खुर्चीत बसली. डॉक्टर बसून बोलायला लागले की समजावं. ती म्हणाली, अजून बाजारात न आलेलं एक औषध आहे. ते मिळावं म्हणून तिने कंपनीकडे आणि सरकारकडे विनंती केली आहे, रोज फोन करते आहे. परवानगी मिळेल की नाही आणि मिळालीच तर वेळेत मिळेल की नाही, ते तिला सांगता येत नव्हतं. मी विचारलं, "तोपर्यंत?" ती म्हणाली, "तोपर्यंत तू टिकून राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरून व्हिडिओ कॉल आला. टॅबलेट प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, मार्लिसने तो माझ्यासमोर धरला होता. ईशा आणि हे, दोघंही स्वयंपाकघरात उभे. औषधाचं आदल्या दिवशीच त्यांना कळलं होतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, जेवता काय? हे म्हणाले, बाहेरून मागवतो. मी म्हटलं, वरणभात तरी लावत जा, ईशाला येतो. तर म्हणाले, "कुकर बिझी आहे."

"बिझी आहे म्हणजे?"

ईशा म्हणाली, "मॉम, डॅडने बाळकृष्णाला त्यात ठेवलंय. लाइक, अंडरवॉटर. आजीने सांगितलं म्हणून."

मला क्षणभर कळेना, हसावं की काय करावं. सांगलीहून सासूबाईंनी सांगितलं होतं, देव पाण्यात ठेव. आपल्याकडे ही रीत आहे. घरातलं माणूस जगण्यामरण्याच्या दारात असलं, की देवाची मूर्ती पाण्यात बुडवून ठेवायची आणि त्याला सांगायचं, की माझं माणूस बरं होईपर्यंत तुला बाहेर काढणार नाही. गोष्ट जुनी आहे, आणि ज्यांनी केली त्यांनी जीव मेटाकुटीला आल्यावरच केली असणार. पण ती आमच्या यांनी करावी? हे आयुष्यभर यंत्रं तपासणारे इंजिनिअर. देवघराजवळ चपला नको म्हटलं तर "तुझ्या देवाला माझ्या चपलांची ॲलर्जी आहे का?" असं विचारणारे. या माणसाने घरातलं सगळ्यात मोठं भांडं म्हणून पाच लिटरचा कुकर घेतला, त्यात फिल्टरचं पाणी भरलं आणि बाळकृष्णाला आत ठेवलं.

"कुठे ठेवलाय कुकर?" मी विचारलं.

"मागच्या पोर्चमध्ये," हे म्हणाले. "आई म्हणाली, कुणाचा हात लागता कामा नये, खरकट्याजवळ नको. तिथे कोणी जात नाही."

आमचा मागचा पोर्च काचेचा आहे, उन्हाळ्यात बसायचा. त्याला हीटर नाही. आणि बाहेर मिनेसोटातला फेब्रुवारी. यांना खरंच सुचलं नव्हतं. हात लावायचा नाही म्हटल्यावर यांनी तिकडे वळूनही पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "ईशा, मला तिकडे घेऊन चल." तिने सरकतं दार उघडलं, फोन कुकरवर धरला, आणि आम्ही सगळ्यांनी एकदमच पाहिलं. पाण्याचा दगड झाला होता. पांढुरक्या बर्फाच्या आत, खूप खोल, एक पिवळा ठिपका दिसत होता.

मी आदल्याच दिवशी त्या हुडहुडीतून गेले होते. माझ्या अंगावर तेव्हाही तीन चादरी होत्या. मी म्हटलं, "काढा त्याला बाहेर."

"नाही," हे म्हणाले.

"अहो, काढा म्हणते ना."

"तू बरी होईपर्यंत काढायचा नाही. आईने बजावून सांगितलंय." आणि मग या माणसाचा आवाज फुटला. "बाबांच्या वेळी मला काही करता आलं नाही. तुझ्या वेळी एवढं एकच करतोय मी. काढला आणि तुला काही झालं तर? मग मी काय करू, सांग."

यांना इतकी वर्षं मी देवाला नमस्कार करा म्हणून सांगून थकले होते. आणि आता देवाला हात लावायला यांचा थरकाप होत होता. मला त्यांची फार कणव आली. पण माझा आवाज चढला तो उतरेना. दर वाक्यानंतर श्वास घेत मी म्हटलं, "मला काही झालं तर ते बुरशीने होईल. तुमच्यामुळे होणार नाही, आणि याच्यामुळे तर नाहीच. श्वास कोंडला की कसं होतं ते मला विचारा. मी वैऱ्यावरही ती पाळी येऊ देणार नाही. माझा त्याच्याशी अबोला आहे, वैर नाही. त्याला बर्फात कोंडून मला घरी यायचं नाही. काढा."

मार्लिस टॅबलेट धरून उभी होती. भाषा तिला कळत नव्हती, पण भांडण चाललंय हे कळत होतं. तिने विचारलं, तेव्हा मी दोनतीन वाक्यांत सांगितलं. तिने पडद्याकडे वाकून बघितलं आणि आमच्या यांनाच म्हणाली, "सर, इट्स ट्वेंटी बिलो आउट देअर. फॉर हेवन्स सेक, गेट द लिटल गाय इनसाइड."

का कोण जाणे, यांनी माझं ऐकलं नाही ते तिचं ऐकलं. कुकर उचलून आत आणला. गरम पाणी ओतायला निघाले तेव्हा मी ओरडले, "उकळतं नको! बाळाला घालतो तसं कोमट." भांड्याच्या बाहेरून कोमट पाणी सोडल्यावर बर्फाचा अख्खा गठ्ठा सुटून सिंकमध्ये पडला. ईशा त्यावर वाटीवाटीने पाणी घालत राहिली. खूप वेळ लागला. मार्लिसला दुसरीकडे जायचं होतं, ती टॅबलेट माझ्या उशीला टेकवून गेली. मी एकटक बघत होते. बर्फ झिजत झिजत गेलं आणि सगळ्यात आधी बाहेर आला तो त्याचा हात. आमचा बाळकृष्ण रांगता आहे, एक हात जमिनीवर टेकलेला, दुसरा वर केलेला आणि त्यात लोण्याचा गोळा. अंग सगळं बर्फात अडकलेलं, आणि हा आपला लोणी पुढे धरून तयार.

मी म्हटलं, "थंडी वाजली का रे?"

अबोला कुणी आधी मोडायचा यावर घराघरांत किती भांडणं होतात. आमच्यातला मी मोडला. मोडल्यावर लक्षात आलं, की मला आता त्याच्याकडे काही मागायचं उरलेलं नव्हतं. ईशाने त्याला स्वच्छ पंच्यात गुंडाळून छातीशी धरला, आणि मी इथून, प्लास्टिकच्या पिशवीतल्या पडद्यावर बोट ठेवून त्याला सांगितलं, की मला घरी यायचंय. फार यायचंय. तू येऊ दिलंस तर येईन, नाहीतर नाही. पण तुला ओलीस ठेवून मी येणार नाही, आणि तूही मला भीती घालू नकोस. मी लढते आहे, लढणार आहे. पुढचं तू बघ. एवढं बोलून मी दमले आणि डोळे मिटले. कितीतरी आठवड्यांनी मला गाढ झोप लागायला आली होती.

दारावरच्या काचेवर टकटक झाली. बुरशीवाली बाई बाहेर उभी होती. गाऊन चढवण्याइतकाही तिला धीर नव्हता. तिने मास्कच्या आतून ओरडून सांगितलं, "वी गॉट इट!" परवानगी मिळाली होती. औषध निघालं होतं, दुसऱ्या दिवशी पोचणार होतं.

आता याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. परवानगीच्या कागदावर त्याआधीच कधीतरी कुणीतरी सही केलेली असणार, आमचं बर्फ वितळायची वाट बघत ते थांबले नव्हते. आणि ती सही व्हावी म्हणून त्या बाईने दिवसचे दिवस फोन लावले होते. हे मला समजतं. मला एवढंच माहीत आहे, की ती आली तेव्हा ईशा बाळकृष्णाचं अंग पुसत होती आणि माझी भीती गेलेली होती. औषध मिळालं नसतं तरी ती गेलेलीच राहिली असती. माझ्यापुरता अनुभव तेवढाच आहे, आणि तो मला पुरेसा आहे.

चमत्कार म्हणून कुणाला काही हवं असेल तर पुढची हकीकत निराश करील. नवं औषध दोन दिवसांत जादू करून गेलं नाही. ताप हळूहळू उतरला. एक दिवस रक्तात बुरशी उगवली नाही, मग दुसऱ्या दिवशीही उगवली नाही. किडन्या सावरायला वेळ लागला, चालायला मी लहान मुलीसारखी नव्याने शिकले. माझ्या शेजारच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्याही दारावर लाल पाटी होती. एका सकाळी ती पाटी नव्हती, खाट धुऊन पुसून रिकामी होती. त्यांच्या घरीही कुणीतरी हात जोडलेले असणार. म्हणून 'माझी भक्ती फळाला आली' असं कुणी म्हणालं, की मी तिथल्या तिथे तोडते. त्यांची भक्ती काय कमी पडली होती? असलं बोलणं मला सहन होत नाही.

तसंच मार्लिसचं. आमच्या मंडळातल्या एक काकू ही गोष्ट ऐकून म्हणाल्या, "अगं, देवच आला नर्सच्या रूपाने." मी म्हटलं, काकू, नाही हो. मार्लिसच आली. निवृत्तीनंतर घरी सुखाने बसायचं सोडून, रोज तो पिवळा झगा चढवून, माझे थरथरणारे पाय धरायला मार्लिस आली. तिचं श्रेय तिच्याकडेच राहू द्या. देवाला हवं तर तिचा अभिमान वाटू दे. घरी आल्यावर मी तिला लाडू पाठवले. ती बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे इकडचा ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, घेऊन दारात हजर झाली, माझ्यासाठी मुद्दाम बिनमटणाचं केलेलं. ते फार काही चविष्ट नव्हतं, पण मी दोनदा वाढून घेतलं. देवघरापाशी जाऊन तिने बाळकृष्णाकडे बघितलं आणि त्याला म्हणाली, "वेल, यू लुक वॉर्मर." बुरशी अजून माझ्या कातडीवर वस्तीला असेल असं बुरशीवाली बाई म्हणते. तपासणीला गेले की आजही मला वेगळ्या खोलीत बसवतात. बसते. बुरशीला राहायचं तर राहू दे, घर माझं आहे.

समर्पण हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. मला वाटायचं, समर्पण म्हणजे मान खाली घालायची, हू की चू करायचं नाही, जे होईल ते सोसायचं. तसं असेल तर ते मला या जन्मात जमलं नाही. मी शेवटपर्यंत ताठ मानेने भांडले, बुरशीशी आणि त्याच्याशीही. पण त्या सकाळी पडद्यासमोर मी हातातली एक गोष्ट सोडली, त्याला धरून ठेवणं. लढायचं सोडलं नाही, फक्त त्याचा गळा धरलेला हात सोडला. मला वाटतं तेवढंच त्याला हवं असतं. बाकी भांडण त्याला चालतं.

मी घरी आले, त्या दिवशी सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती. सुनेचा आवाज ऐकून त्या रडल्या, मग यांना म्हणाल्या, "आता काढ हो देव पाण्यातून. साग्रसंगीत अभिषेक कर." हे गडबडले. माझ्याकडे बघायला लागले. मी फोन घेतला आणि म्हटलं, "आई, तो कधीच बाहेर आलाय. मीच काढायला लावला, मी बरी व्हायच्या आधी. तुम्हाला रागवायचं तर मला रागवा."

त्या अगदी हळू म्हणाल्या, "भीती नाही वाटली तुला?"

"वाटत होती. काढल्यावर गेली."

त्या म्हणाल्या, "माझा अजून पाण्यातच आहे गं."

मला आधी कळलंच नाही. त्या सांगत गेल्या. सासऱ्यांना हॉस्पिटलात नेलं, त्या दिवशी त्यांनी देवघरातला देव घंगाळात ठेवला होता. सासरे परत आले नाहीत. मागणं पुरं झालं नाही, मग देव बाहेर काढायचा कसा? त्या रोज घंगाळातलं पाणी तेवढं बदलत होत्या आणि रिकाम्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावत होत्या. माझ्यासाठी त्यांनी वेगळा देव ठेवला नव्हता. त्यालाच म्हणाल्या होत्या, माझं माणूस नेलंस, आता माझ्या लेकाचं तरी नेऊ नकोस.

हे माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंड ओंजळीत घेतलं. मी म्हटलं, "आई, उठा. त्याला बाहेर काढा. आत्ता. मी फोनवर आहे."

"माझ्याच्याने नाही व्हायचं गं."

"होतं. हात घाला पाण्यात. मी आहे ना."

चपला सरकल्याचा आवाज आला, मग दार. आणि मग पाण्यात हात घातल्याचा आवाज इतका स्पष्ट आला, की यांनी मान वर केली. पाणी निथळत राहिलं. सासूबाईंचा श्वास लागलेला ऐकू येत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "पार काळा पडलाय गं. ओळखू येत नाही."

"चिंच लावा, आई," मी म्हटलं. "चिंच लावून घासा, लख्ख होईल."

"चिंच आहे घरात," त्या म्हणाल्या. आणि फोन तसाच ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या.